तळ्यातला मिथेन आणि जळणारा बर्फ: दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव

हिवाळा आला की दोन व्हिडिओ हमखास फिरतात. एकात अलास्कातलं गोठलेलं तळं, कोणीतरी बर्फाला भोक पाडतं, लायटर धरतं आणि भप्पकन माणसाएवढी ज्वाळा. दुसऱ्यात हातावर बर्फासारखा पांढरा खडा आणि तोच जळतोय. दोन्हीखाली कॅप्शन एकच, आर्क्टिकचा मिथेन बॉम्ब फुटणार, आता सगळं संपलं. दोन्हीत गॅस मिथेनच आहे हे खरं, पण तो तयार कुठे झाला, अडकला कशात आणि हवेपर्यंत पोचतो का, हे तिन्ही वेगळं आहे, त्यामुळे काळजी कशाची करायची तेही वेगळं.

आधी तळं. सायबेरिया आणि अलास्कात पर्माफ्रॉस्ट असते, म्हणजे सलग दोन वर्षं किंवा जास्त शून्याच्या खाली राहिलेली जमीन, आणि बऱ्याच ठिकाणी ती हजारो वर्षं तशीच आहे. उत्तरेकडच्या या सगळ्या गोठलेल्या जमिनीत मिळून साधारण 1500 अब्ज टन कार्बन आहे, आत्ता हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. त्यातला येडोमा नावाचा प्रकार तर निम्म्याहून जास्त बर्फच असतो, हिमयुगातली धूळ, गवताची मुळं, काही ठिकाणी मॅमथची हाडं पण सापडतात. हा बर्फ वितळला की जमीन खचते, वरची झाडं दारू प्यायल्यासारखी वाकडी होतात, खड्ड्यात पाणी साचतं आणि तळं होतं. आता हे पाणी हिवाळ्यात तळापर्यंत गोठत नाही, त्यामुळे खालची जमीन वर्षभर वितळत राहते, तळं खोल आणि रुंद होत जातं. आणि तळाशी ऑक्सिजन नाही, मग जिवाणू त्या जुन्या गवतावर ताव मारतात आणि मिथेन सोडतात. आपल्याकडच्या गोबरगॅसच्या टाकीत जे चालतं तेच, फक्त माल तीस-चाळीस हजार वर्षांचा.

इथेच एक घोळ होतो. पर्माफ्रॉस्ट वितळली म्हणजे मिथेनच येणार असं नाही. कोरड्या टुंड्रावर वितळली तर हवा खेळती असते, मग जास्त करून कार्बन डायऑक्साइड निघतो. मिथेन हवा असेल तर ओल पाहिजे, चिखल पाहिजे, म्हणून तळी आणि दलदल महत्त्वाची. आणि मिथेन 20 वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 80 पट तापवतो, हवेत टिकतो मात्र दहा-बारा वर्षंच.

या तळ्यांवर केटी वॉल्टर अँथनी या अलास्का विद्यापीठाच्या बाई वर्षानुवर्षं काम करतायत, लायटरवाला प्रयोग त्यांनीच प्रसिद्ध केला. 2006 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उत्तर सायबेरियाच्या तळ्यांतून वर्षाला सुमारे 38 लाख टन मिथेन निघतो असा अंदाज मांडला, तोपर्यंतच्या अंदाजांपेक्षा बराच जास्त, कारण आधीच्या लोकांच्या मोजणीतून बुडबुडेच निसटत होते. आणि सगळी गंमत त्या बुडबुड्यांत आहे, तळं उथळ, बुडबुडा भर्रकन वर येतो, वाटेत मिथेन खाणाऱ्या जिवाणूंना वेळच मिळत नाही.

आता तो जळणारा खडा, म्हणजे मिथेन हायड्रेट. पाण्याच्या रेणूंचा बर्फासारखा पिंजरा आणि आत मिथेनचा रेणू कोंडलेला. एक घनमीटर हायड्रेटमधून 160 च्या वर घनमीटर गॅस निघतो, म्हणून तर तो खडा असा मस्त जळतो. पण पिंजरा टिकायला नुसती थंडी पुरत नाही, दाबही लागतो, अगदी थंड समुद्रातसुद्धा साधारण 300 मीटर खोली लागते. जगातले बहुतेक साठे खोल समुद्राच्या तळाखालच्या गाळात आहेत, थोडे जाड पर्माफ्रॉस्टच्या पोटात. वरचं पाणी तापलं तरी ती ऊब त्या गाळात शिरायला शतकं जातात, आणि मिथेन सुटला तरी वरच्या शेकडो मीटर पाण्यात विरघळतो, जिवाणू खातात, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. समुद्राला ते चांगलं नाहीच, पण मिथेन म्हणून हवेत येणारा भाग फार थोडा.

नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांचं उदाहरण बघा. 2008 मध्ये पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रतळातून वर येणारे बुडबुड्यांचे अडीचशेहून जास्त झोत सापडले, लगेच चर्चा की तापमानवाढीने हायड्रेट फुटतंय. 2014 मध्ये तिथल्या, गळत्या मिथेनमुळेच तळाशी तयार झालेल्या खडकांचं वय तपासलं तर कळलं की तिथली गळती निदान 3000 वर्षं चालू आहे. मला वाटतं ही दुसरी बातमी पहिलीच्या दहाव्या हिश्श्यानेही कोणी वाचली नसेल.

म्हणजे बॉम्ब म्हणून ज्याचा बोलबाला तो हायड्रेट या शतकात तरी मोठी भीती नाही, आणि ज्याला आपण सुंदर फोटो म्हणून लाइक करतो ते तळं आत्ता गॅस सोडतंय, हळूहळू पण न थांबता. अर्थात फोटोवरही डोळे झाकून विश्वास नको. कॅनडातल्या अल्बर्टाच्या अब्राहम लेकचे बर्फातल्या पांढऱ्या बुडबुड्यांचे फोटो पर्माफ्रॉस्ट म्हणून फिरतात, तो 1972 मधल्या धरणाचा जलाशय आहे, बुडालेला झाडपाला कुजून गॅस होतो. आणि अलास्कातल्या एसिए तळ्यातला गॅस तर खाली खोल खडकातून येतो, म्हणजे तिसराच प्रकार.

हायड्रेट आपल्याकडेही आहे बरं का, 2006 च्या ड्रिलिंगमध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात जाड थर सापडले, सरकारचा डोळा इंधन म्हणून आहे. पण ते काढणं सोपं नाही, 2013 मध्ये जपानने समुद्रातून काढायची जगातली पहिली चाचणी केली, मुद्दाम दाब कमी करून, तर सहा दिवसांत विहिरीत वाळू शिरली आणि काम बंद करावं लागलं.