माळावरची शाळा: सोलापुरातल्या वंचित मुलांच्या वनशिक्षणामागचा इतिहास

रिमांड होममधली, बालगृहात राहणारी, सातवी-आठवीत शाळा सुटलेली, आईबापांमागून ऊसतोडीला फिरणारी मुलं घेऊन नियमितपणे रानात जायचं आणि तिथेच शिकायचं-शिकवायचं, असं काम करू पाहणारी माणसं आता सोलापुरातही भेटतात. या कामाची माहिती शोधायला गेलं की गोष्ट डेन्मार्कपासून सुरू होते. ती खरी आहे आणि जाणून घेण्यासारखीही आहे, पण सोलापुरात काम करणाऱ्याला ती पुरत नाही. इथल्या ज्या मुलांसाठी आपण हे करू म्हणतो, त्यांतल्या अनेकांच्या पणजोबा-पणजीला सरकारनेच माळावरून उचलून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हे ठाऊक नसलेला माणूस त्यांच्या पणतवंडांना 'निसर्गाची ओळख' करून द्यायला निघाला, तर पहिल्याच दिवशी तो चुकीच्या जागी उभा असतो.

आधी युरोपातली गोष्ट पाहू. रानातल्या शाळेची कल्पना तिथे सुरुवातीला हौसेची नव्हती, आजारी आणि गरीब मुलांसाठीची होती. 1904 मध्ये बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबर्गमध्ये पाइनच्या झाडीत एक शाळा उघडली. कामगार वस्त्यांतली अशक्त, रक्त कमी असलेली, क्षयाचा धोका असलेली मुलं दिवसभर तिथे राहत. धडे कमी वेळाचे असत. खाणं, झोप आणि मोकळी हवा यांवर भर असे. 1907 मध्ये लंडनच्या बॉस्टल वूडमध्ये तसाच प्रयोग झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत अशा मोकळ्या हवेच्या शाळा युरोपभर पसरल्या. क्षयावर औषधं आली तशा त्या ओसरल्या. म्हणजे दुबळ्या मुलाला झाडांमध्ये नेलं तर तो सावरतो, हा विचार सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्याचं मूळ दवाखान्यात आहे.

आज जिला वनशाळा म्हणतात ती धारा वेगळी आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये एला फ्लाटाऊ ही आई शेजारपाजारची मुलं घेऊन रोज जंगलात जाऊ लागली आणि त्यातून भटकती बालवाडी उभी राहिली. 1957 मध्ये स्वीडनमध्ये योस्टा फ्रोम यांनी 'स्कुग्समुले' हे जंगलातलं काल्पनिक पात्र घेऊन मुलांचे गट सुरू केले. 1993 मध्ये इंग्लंडच्या ब्रिजवॉटर कॉलेजमधले बालशिक्षणाचे विद्यार्थी आणि शिक्षक डेन्मार्क पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी आपल्याकडे तसंच सुरू केलं. ब्रिटनमध्ये ही पद्धत लवकरच शाळेतून काढून टाकलेल्या आणि घरात हिंसा सोसलेल्या मुलांसाठीही वापरली जाऊ लागली. गट लहान, जागा ठरलेली, एकाच जागी वर्षभर पुन:पुन्हा जाणं, चाकू-दोरी-आगीचं काम मुलांच्या हाती देणं आणि काय करायचं ते बरंचसं मुलांनीच ठरवणं, ही तिची मुख्य सूत्रं. साहसशिबिरं हे याचं नात्यातलं पण निराळं काम. कुर्ट हान यांनी 1941 मध्ये वेल्समधल्या अबरडोव्ही इथे खलाशी पोरांसाठी जे सुरू केलं, त्यात कस लागण्यावर भर होता. वनशाळेचा भर सवयीवर, जागेशी जडणाऱ्या ओळखीवर असतो. आपल्याकडे एका दिवसाच्या सहलीला वनशाळा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. खचलेल्या मुलाला पहिल्या तीन-चार भेटी फक्त तुम्ही पुन्हा येता की नाही हे पाहण्यात लागतात.

महाराष्ट्रातला धागा मात्र वनशाळेच्या या धारेपेक्षा जुना आणि मला जास्त मोलाचा वाटतो. 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरं राखायची असतात, ही अडचण त्यांच्यापुढे होती. त्यांनी मुलांना गुरं सोडून यायला सांगितलं नाही. शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. ही कुरणशाळा. पाल्याचा आकार, बियांची मोजणी, पक्ष्याचा आवाज, ओढ्याचं पाणी हेच शिकण्याचं साहित्य झालं आणि गुरंही नजरेसमोर राहिली. पाड्यातल्या अंगणात शाळा नेण्याचा अंगणवाडीचा विचार याच कामातून आला आणि तो देशभर पोचला. कुरणशाळा मात्र विस्मरणात गेली. वंचित मुलांना रानात शिकवण्याचा विचार करणाऱ्या मराठी माणसाने कोपनहेगनकडे पाहण्याआधी कोसबाडकडे पाहावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे मुलाच्या पोटापाण्याचं काम अडथळा मानलं गेलं नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा धडा आहे.

आता सोलापूर. इथे जंगल कुठे आहे, असं लोक विचारतात. डेरेदार झाडीचं जंगल नाहीच. आहे तो माळ: कुसळी, पवन्या, मारवेल असं गवत, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर, आणि वर मोकळं आभाळ. बार्शी रस्त्यावर शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. 1979 मध्ये तो धरून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं येत होतं. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक हा पक्षी आता इतका दुर्मीळ झाला आहे की एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. पण काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल आणि हिवाळ्यात येणारे भोवते ससाणे हा माळ अजून सांभाळून आहे. या माळाला आपण फार काळ पडीक म्हणत आलो. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर चर खणले गेले, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली लागवडी झाल्या, गिरिपुष्प आणि निलगिरी लावली गेली. हेतू चांगला होता, हातांना काम मिळालं. पण गवताळ माळावर दाट झाडं लावणं म्हणजे माळ मोडणं, हे उशिरा कळलं. म्हणून मुलांच्या कार्यक्रमात वृक्षारोपणाचा खड्डा आपोआप घुसवू नये. इथे गवत राखणं हेच काम आहे.

शहरातल्या शहरात विजापूर रस्त्यावर सिद्धेश्वर वनविहार आहे, कंबर तलावाचा परिसर आहे. बालगृहातल्या मुलांना दर आठवड्याला नान्नजला नेणं जमत नाही तेव्हा या जागा उपयोगी पडतात, आणि दर आठवड्याला जाणं हे लांब जाण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला न विचारता नेतो. हे वस्तीचं नाव इंग्रज सरकारच्या गुन्हेगार जमाती कायद्याचं उरलेलं अंग आहे. 1871 मध्ये हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल पसरला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, मांग-गारुडी, कंजारभाट अशा समाजांतली माणसं जन्मानेच गुन्हेगार ठरली. त्यांना वसाहतींत आणून ठेवलं. हजेरी, पास, रात्रीची मोजणी, भोवती तारेचं कुंपण. मुंबई इलाख्यात ऑलिव्हर स्टार्ट हे अधिकारी या वसाहतींचं काम पाहत. सोलापूरच्या वसाहतीची जबाबदारी अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेनेही काही काळ घेतली होती. सोलापूर गिरण्यांचं गाव होतं, 1877 ची जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या. वसाहतीतली माणसं तिथे कामाला जात. काही वसाहतींत मुलांना आईबापांपासून वेगळं वसतिगृहात ठेवलं जाई, म्हणजे त्यांच्यावर 'वाईट संस्कार' होऊ नयेत. भटकणं, शिकार करणं, रानातून मिळवून खाणं, बोली बोलणं हे सगळं त्या संस्कारात धरलं होतं. सुधारणेचा मार्ग म्हणून या मुलांना माळापासून तोडलं गेलं, आणि आज आपण त्याच घरांतल्या मुलांना सुधारणेचा मार्ग म्हणून माळावर न्यायला निघालो आहोत. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये.

मुंबई प्रांतात हा कायदा 1949 मध्ये रद्द झाला, देशभरात 31 ऑगस्ट 1952 रोजी. सेटलमेंटमध्ये पंडित नेहरूंनी येऊन तार तोडली, ही आठवण वस्तीत आजही सांगितली जाते आणि 31 ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कुंपण गेलं, शिक्का राहिला. सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि चोरी झाली की पोलीस आधी याच वस्त्यांत येऊ लागले. दुसरीकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. वन्यजीवांसाठी ते गरजेचंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फासेपारधी घराची पिढीजात विद्या, तितराचा हुबेहूब आवाज काढणं, पायवाटेवरच्या खुणा वाचणं, बैलाच्या आडून सावजाजवळ जाणं, ही एका रात्रीत पुन्हा गुन्हा झाली आणि तिच्या जागी दुसरं काही दिलं गेलं नाही.

म्हणून गट घेऊन जाणाऱ्याचं काम इथे निराळं आहे. खाकी कपड्यातला वनरक्षक माळावर भेटला की काही मुलं गप्प होतात, मागे सरतात. ती बुजरी नसतात, घरात ऐकलेलं त्यांना आठवत असतं. वनरक्षकाशी आधीच बोलून त्याने साध्या कपड्यांत येऊन मुलांबरोबर बसावं, एवढी तजवीज केली तरी फरक पडतो. एखादं पोरगं दोरीचा फास इतक्या सफाईने बनवून दाखवतं की शहरी प्रशिक्षक दचकतो. तिथे ओरडून भागत नाही. ती गाठ त्याला कोणी शिकवली हे विचारावं, तिचा उपयोग तंबूला कसा होईल हे त्यालाच दाखवायला सांगावं आणि शिकार का करायची नाही हे सरळ, न लाजता बोलावं. सोलापुरात जन्मलेले, आयुष्य वनखात्यात काढलेले आणि 2025 मध्ये सोलापुरातच गेलेले मारुती चितमपल्ली रानातल्या माणसांकडून, आदिवासींकडून नावं आणि खुणा गोळा करत राहिले. शिकवणाऱ्याने आधी विचारायचं असतं, ही रीत आपल्या गावच्या माणसानेच घालून दिलेली आहे.

सगळी मुलं सेटलमेंटची नसतात. विडी वळणाऱ्या आईची मुलगी असते, यंत्रमागाच्या खोलीत वाढलेला मुलगा असतो. त्यांना माळावरची शांतताच आधी झेपत नाही. ऊसतोड कामगाराचं मूल त्यांहून वेगळं. त्याचं अर्धं वर्ष फडाच्या कडेला, उसाच्या पाचटाच्या कोपीत जातं. त्याला 'चला, आज उघड्यावर झोपू' म्हणणं क्रूर आहे. त्याला बसायला सतरंजी, वेळेवर गरम जेवण आणि आपलं नाव लिहिलेली वही जास्त हवी असते. रान त्याला आधीच येतं, आदराने वागवलेलं मात्र क्वचित वाट्याला आलेलं असतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. बालगृहातल्या किंवा निरीक्षणगृहातल्या मुलांना बाहेर न्यायचं तर 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळाची परवानगी लागते, अभयारण्यात वनखात्याची. मुलांचे चेहरे आणि नावं कुठेही छापू नयेत, कायदाही तेच सांगतो. सोबत येणाऱ्या प्रत्येकाची पूर्वचौकशी करणं ही किमान गोष्ट आहे.

ऋतूचं भान युरोपातल्या पुस्तकातून येत नाही. मार्च ते मे सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं, तेव्हा दिवसाची फेरी बंद. वनशाळेत आगीभोवती बसणं हा मुख्य भाग मानतात, पण वाळलेल्या माळावर आग पेटवणं म्हणजे वणव्याला बोलावणं. आपल्याकडे त्याला जागा आहे ती शेताच्या कडेच्या आगटीत. जानेवारीत हुरडा भाजताना आग कशी लावायची, कशी राखायची, कशी विझवायची हे सगळं मुलं शिकतात, आणि भाजलेला हुरडा चोळायला सगळ्यांचे हात लागतात.

पारध्यांच्या विद्येला मानाची जागा देण्याची उदाहरणं आपल्या आसपास आहेत. मध्य प्रदेशातल्या पन्नामध्ये 2009 च्या सुमारास वाघ संपले, ते पुन्हा आणले गेले आणि त्याच भागात पारधी मुलांसाठी वसतिगृहं आणि पारधी तरुणांनी पाहुण्यांना जंगलातून फिरवण्याचा उपक्रम उभा राहिला. अकोला-वाशिमकडे फासेपारधी कुटुंबं तणमोर या माळावरच्या दुर्मीळ पक्ष्यासाठी गवताळ माळ राखतात. शेजारच्या पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला 2023 पासून गवताळ सफारी चालू आहे. सोलापुरात माळही आहे, माळ वाचणारी घरंही आहेत. 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याची सुरुवात चितमपल्लींच्या जन्मदिवशी होते आणि शेवट सालिम अलींच्या. तेव्हा गवत सोनेरी झालेलं असतं, भोवते आलेले असतात आणि ऊन सोसण्याजोगं असतं. सेटलमेंटमधल्या एखाद्या आजोबांना मानधन देऊन त्या आठवड्यात गटाचा प्रमुख करावं आणि प्रशिक्षकाने वही घेऊन त्यांच्या मागे चालावं, इथून सुरुवात करता येईल.