जिग हळू बुडायला हवा तर तो बांधायचा कसा

ब्लूगिल, क्रॅपी, पंपकिनसीड हे उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांमधले छोटे मासे, तव्यात अख्खे मावतात म्हणून त्यांना पॅनफिश म्हणतात. यांच्यासाठी घरी जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला आणि पिसं बांधलेला गळ, बांधायला बसलं की बहुतेक जण आधी रंग निवडतात, पण माझं ठाम मत आहे की रंग नंतर, आधी तो पाण्यात किती वेगाने खाली जातो ते बघा.

कारण ब्लूगिल घास तोडत नाही, ओढून घेतो. जिगजवळ येतो, थांबतो, निरखतो आणि मग तोंड एवढं झटकन उघडतो की समोरचं पाणी आत खेचलं जातं आणि पाण्याबरोबर खाणंही. ही ओढ तोंडापुढे जेमतेम तोंडाच्या रुंदीएवढीच पोचते. म्हणजे जिग दगडासारखा खाली गेला तर निरखायलाच वेळ नाही, आणि जड असला तर पाणी आत जातं पण जिग मागे राहतो. थंडीत तर अजूनच, माशाचं अंग पाण्याइतकंच गार, पचन मंद, मग पाठलाग कशाला करेल तो.

मग वजन कमी करा, झालं? नाही ना, तिथेच अडतं, फार हलका जिग लांब फेकलाच जात नाही. आणि हिशोबही बघा, पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून आकार तोच ठेवून बुडण्याचा वेग निम्मा करायचा तर वजन चौथाई करावं लागतं, म्हणजे १/१६ औंसावरून (साधारण १.८ ग्रॅम) थेट १/६४ वर. त्यापेक्षा वजन थोडंच कमी करा आणि बाकीचं काम पिसांवर सोडा.

मॅराबू हे त्यासाठी सगळ्यात उत्तम पीस, नाव एका करकोच्याचं पण आता मिळतं ते टर्कीचं. ओलं झालं की फेकताना चिकटून बारीक होतं, आणि हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट विरळ असल्याने तिथे फारसं अडत नाही. पाण्यात लाइन सैल सोडली की तंतू पसरतात, ओढली की मिटतात. हुकच्या लांबीएवढी शेपटी पुरे. पुढे शनील, म्हणजे मऊ केसाळ दोरा, गुंडाळा, डोक्यामागे कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे दोन वेढे द्या, ते ताठ तंतू छत्रीसारखे उभे राहतात आणि खरा ब्रेक तेच लावतात.

डोक्याला शिसं टाळा असं मी कळकळीने सांगेन. लून पक्षी असे तुटलेले जिग गिळतात, त्यांच्या पोटात शिसं झिजून विष होतं आणि ते मरतात, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात छोट्या शिशाच्या जिगवर बंदी त्यामुळेच आहे. काचेचा मणी लावून बघा, काचेची घनता पाण्याच्या २.५ पटीच्या आसपास, त्यामुळे पाण्यात तिचं वजन ४० टक्के कमी भरतं, शिशाचं जेमतेम ९ टक्के.

बांधून झाला की उंच पारदर्शक भांड्यात सोडून स्टॉपवॉच लावा, पण आधी पाण्याखाली नीट पिळा, कोरड्या पिसात बुडबुडे अडकतात आणि वेळ चुकीची येते. लाइनला लटकवल्यावर नाक खाली करत असेल तर गाठ हुकच्या डोळ्यात (लाइन ओवायच्या कडीत) थोडी पुढे, नाकाकडे सरकवा, आडवा लटकला की मासा त्याला जास्त वेळ बघतो.