"आत्म्यांची परीक्षा" हा शब्द आपल्याला अडतो कुठे? नाशिकपुरती थोडी पार्श्वभूमी

शरणपूर रोड घ्या, नाशिकरोड घ्या, देवळाली घ्या, कुठल्याही कॉटेज मीटिंगला (घरातल्या प्रार्थनासभेला) बसलं की हल्ली एक गोष्ट हमखास होते. कुणीतरी मोबाईलवर ऐकलेला संदेश सांगतं, देव या वर्षी अमुक करणार आहे वगैरे, मग एखादी ताई हळूच विचारते की हे वचनात कुठं आहे, आणि लगेच कोपऱ्यातून आवाज येतो, "अहो, देवाच्या सेवकाची परीक्षा घ्यायची नसते." संपलं. ताई गप्प बसते, गाणं सुरू होतं, चहा येतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय की शेवटी बसून शोधायला लागलो, ही "परीक्षा घ्यायची नसते" वाली समजूत आली कुठून, कारण पवित्र शास्त्रात तर बरोबर उलटं सांगितलंय, योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) आत्म्यांची परीक्षा करा अशी आज्ञाच आहे.

जुनं पटकन सांगून टाकतो, वाचणाऱ्यांना बरंचसं माहीतच असणार. जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात तर चिन्ह खरं ठरलं तरी तो माणूस दुसऱ्या देवाकडे नेत असेल तर ऐकू नका असं स्पष्ट आहे, म्हणजे चमत्कार झाला एवढं पुरेसं नाही हे मोशेच्या काळापासून आहे. प्रेषितांच्या कृत्यांमधले बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून ताडून बघायचे आणि त्यासाठी त्यांना शिव्या नाही, शाबासकी मिळाली. पण मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते "डिडाखे" नावाचं छोटंसं पुस्तक, पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या मंडळ्यांचं एक प्रकारचं नियमपुस्तकच, त्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये इस्तंबूलला सापडली आणि १८८३ मध्ये छापून आली. त्यात फिरत्या सेवकांबद्दल लिहिलंय की तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तिसरा दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या, पैसे मागितले तर खोटा. आणि संदेष्टा ओळखायचा तो त्याच्या वागण्यावरून, प्रभूची चालरीत त्याच्यात दिसते का त्यावरून. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी साध्या कष्टकरी लोकांच्या मंडळीला हे कुणीतरी लिहून द्यावं लागलं, म्हणजे त्रास तेव्हाही हाच होता.

आता आपल्याकडचं. मराठीत नवा करार पहिल्यांदा १८११ ला श्रीरामपूरला छापला गेला (आपलं नगरजवळचं नव्हे, बंगालमधलं). नाशिकला मिशनचं काम १८३२ च्या सुमाराला सुरू झालं आणि १८५४ च्या आसपास गावाबाहेर शरणपूर वसलं. नावातच शरण आहे. धर्मांतरामुळे घरातून बाहेर काढलेले लोक तिथे आले आणि नंतर अरबांच्या गुलाम जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही आली. आज तिथून स्कूटरवर जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं. ही मुलं इथं सुतारकाम, लोहारकाम शिकली आणि वाचायला शिकली. त्यातलाच एक तरुण १८७३ ला आफ्रिकेच्या आत, त्या प्रसिद्ध स्कॉटिश प्रवाशाचं, डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं, हृदय झाडाखाली पुरताना, अंत्यविधीचं वाचन करत होता. तिथे कुणी पाळक नव्हता, पुस्तक हातात होतं आणि वाचता येत होतं. शरणपूरची पुण्याई मला कुठं दिसत असेल तर ती तिथल्या दगडी चर्चपेक्षा या एका वाचनात दिसते.

त्यानंतर नाशिकशी जोडलेलं सगळ्यांना माहीत असलेलं घर म्हणजे फुलामुलांच्या कवीचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० ला. त्या मूळच्या त्र्यंबकच्या वाटेवरच्या जलालपूरच्या. या मधल्या पाच वर्षांबद्दल प्रवचनात फारसं कुणी बोलत नाही. नवरा गेला म्हणून मीही, असं त्यांनी केलं नाही. रडल्या, भांडल्या, सोवळं पाळत राहिल्या, आणि मग स्वतःला पटलं तेव्हाच पाऊल टाकलं. पारख म्हणजे काय हे ज्याला समजत नाही त्याला मी ही पाच वर्षं सांगतो.

आता खरा गुंता. आपल्या मराठी शास्त्रात "परीक्षा" हा एकच शब्द निदान तीन ठिकाणी तीन कामं करतो. प्रभूच्या प्रार्थनेत "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" म्हणतो, तिथे अर्थ मोहाचा. मत्तय ४ मध्ये सैतानाला उत्तर देताना प्रभू म्हणतो की देवाची परीक्षा पाहू नकोस, तिथे अर्थ देवाला आव्हान देण्याचा. आणि १ योहान ४:१ मध्ये, म्हणजे योहानाच्या त्या पहिल्या पत्रात, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत की नाहीत याची परीक्षा करा, अशी चक्क आज्ञा आहे. ग्रीकमध्ये पहिल्या दोन ठिकाणी "पैराझो" कुळातला शब्द आहे आणि तिसऱ्या ठिकाणी "डोकिमाझो", जो नाणी आणि धातू पारखायला वापरायचे. मराठीत दोन्ही एकाच पातेल्यात पडले. मग लहानपणापासून "परीक्षेत आणू नकोस" म्हणत वाढलेल्या माणसाला "परीक्षा करा" ऐकलं की आपोआप भीती वाटते, काहीतरी पाप करतोय असं वाटतं. फरक अगदी भिंतीसारखा आहे असंही नाही, कारण प्रकटीकरण २ मध्ये स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्या लबाडांना पारखलं म्हणून इफिसच्या मंडळीचं कौतुक होतं आणि तिथे शब्द "पैराझो"च आहे. पण यानं माझा मुद्दा आणखी पक्का होतो असं मला वाटतं, शब्द कुठलाही असो, माणसाला तपासणं हे कौतुकाचं काम आहे आणि देवाला आव्हान देणं हे वेगळंच.

थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात मात्र आपल्या भाषांतरकारांनी फार सुंदर शब्द घातलाय, सर्व गोष्टींची "पारख" करा. हा शब्द नाशिकच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सराफ बाजारात जुन्या पेढीवर बसलेल्या माणसाला मी लहानपणी बघितलंय, आईची बांगडी घेतली, काळ्या कसोटीवर घासली, पिवळी रेघ उमटली, त्यावर थेंबभर आम्ल सोडलं आणि डोळे बारीक करून बघत राहिला. आईनं काही वाईट वाटून घेतलं नाही. सोनं खरं असेल तर घासायला हरकत कशाची? १ योहानमध्ये पण हाच शब्द आला असता तर आपले निम्मे वाद झालेच नसते असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरा अडथळा "आत्मे" या शब्दाचा. "आत्मे ओळखणं" हे पवित्र आत्म्याचं दान पौलानं करिंथकरांना सांगितलं. पण आपल्याकडे, दिंडोरी, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला तर विशेष, आत्मा ओळखणं म्हणजे भगताचं काम, कुणाच्या अंगात कोण आलंय ते सांगायचं. मग नवीन विश्वासात आलेल्या घरात हे दान म्हणजे ख्रिस्ती भगतपणा समजला जातो, पास्टरनं हात ठेवायचा आणि अमुक शेजारणीनं करणी केलीय सांगायचं. योहान तर लगेच पुढच्याच ओळीत कसोटी देतो की येशू ख्रिस्त देहानं आला हे तो कबूल करतो का. म्हणजे प्रश्न शिकवणीचा आहे, शेजारणीचा नाही.

"परीक्षा"ऐवजी "विवेक" हा शब्द घ्यावा म्हटलं तर तो संतांच्या वाणीतून आलेला मोठा शब्द, नित्य काय अनित्य काय याचा, आणि शास्त्रात तो "सदसद्विवेकबुद्धी"त आधीच गुंतलाय. त्यामुळे लोक त्याचा अर्थ "मला आतून शांती वाटली" एवढाच घेतात. आतून वाटणं खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण आतून वाटणं हे सोनं, कसोटी नव्हे. आणि हिंदीतून आलेल्या गाण्यांनी, सभांनी "भविष्यवाणी" आणली ती वेगळीच. आपल्या मराठीत शब्द "संदेश" होता, संदेष्टा होता, देवाचं सांगणं पोचवणारा. भविष्यवाणी म्हटलं की माणूस थेट राशीभविष्यावर जातो, नोकरी लागेल का, व्हिसा मिळेल का.

भाषेचं हे दुखणं शंभर वर्षांपूर्वी एका बाईंनी ओळखलं होतं. केडगावच्या पंडिता रमाबाई. संस्कृतवर एवढी पकड की कलकत्त्याला १८७८ मध्ये पदवी देऊन गौरवलेल्या, पण त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्राचं भाषांतर साध्या मराठीत करायला घेतलं, चुलीपाशी बसणाऱ्या बाईला कळेल असं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून पूर्ण झालं. त्याच केडगावात १९०५ ला मोठं संजीवन (रिव्हायव्हल, आत्मिक जागृती) झालं होतं, मुली रात्र-रात्र रडत पापकबुली देत होत्या, पुढे अन्य भाषाही बोलल्या गेल्या, आणि बाहेरच्या मिशनरी मंडळींमध्ये त्यावरून बरीच चर्चा झाली. आजच्या सभांमध्ये १९०५ चा दाखला कायम देतात, १९२४ चा कुणी देत नाही. पण बाई एकाच आवारात दोन्ही करत होत्या, अग्नी पण आणि शब्दन्‌शब्द तपासणं पण.

पुढचं तर आपल्या डोळ्यांसमोरचं. १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, शरणपूरची जुनी मंडळी त्यात गेली. पुढे स्वतंत्र फेलोशिप वाढल्या, कॅसेट आल्या, प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या आरोग्यसभा आल्या, चॅनल आले. यात चांगलं खूप झालं हे मी मनापासून सांगतो, ज्या वस्त्यांमध्ये जुन्या चर्चचं कुणी फिरकत नव्हतं तिथे दारू सुटली, घरं उभी राहिली. पण शिकवणारा कोण, त्याला कोण विचारणार, हे सैल होत गेलं, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झाल्यावर तर प्रत्येक घरात वेगवेगळा पाळक मोबाईलमधून बोलायला लागला. आमच्याच नात्यातल्या एका मावशींनी त्या काळात कुठल्यातरी सेवकाकडून अभिषेकाचं तेल मागवलं, छोटी बाटली, पैसे आधी पाठवायचे. काकांचा ऑक्सिजन खाली येत होता आणि फोनवरचा माणूस सांगत होता की दवाखान्यात नेलं तर विश्वास कमी पडला असं होईल. मुलानं ऐकलं नाही, नेलं, काका वाचले. मावशी वर्षभर स्वतःला दोष देत होत्या की मी शंका घेतली. कुणीतरी त्यांना वेळेत योहानाची ती ओळ दाखवायला हवी होती.

"माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे स्तोत्र १०५ मधलं वाक्य अशा वेळी हमखास फेकलं जातं. त्या स्तोत्रात ते अब्राहाम, इसहाक, याकोब परमुलखात भटकत असताना राजांना दिलेली ताकीद आहे, इजा करू नका म्हणून. प्रश्न विचारू नका असं त्यात कुठंही नाही. पौलानं पेत्राला तोंडावर विरोध केला हे गलतीकरांच्या पत्रात लिहिलंय, आणि पेत्राहून मोठा अभिषिक्त आपल्या गल्लीत तरी कुणी राहत नाही.

त्या मावशी आता बुधवारच्या मीटिंगला येतात तेव्हा पर्समध्ये शिसपेन्सिल असते. बोलणाऱ्यानं वचन सांगितलं की त्या उघडतात, वरच्या चार ओळी, खालच्या चार ओळी वाचतात, आणि जुळलं तर समासात बारीक रेघ मारतात. मागच्या आठवड्यात एका पाहुण्या पास्टरांनी स्वतःच थांबून विचारलं, "मावशी, सापडलं का?" मावशी म्हणाल्या, "थांबा जरा, वाचतेय." आणि ते थांबले.