१२० रुपयांचं कार्ड आणि ‘निवृत्त’ या शब्दाचा अर्थ

पिंपरी-चिंचवड, अंबरनाथ, सातपूर किंवा बुटीबोरी, कुठल्याही जुन्या एमआयडीसीजवळच्या वस्तीत संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहा. एखादे काका रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगतात, दहाच्या पट्टीची किंमत विचारतात आणि म्हणतात, “पाचच द्या.” दुकानदार कात्रीनं पट्टी मधून कापतो. मुदतीची तारीख बऱ्याचदा दुकानात राहिलेल्या अर्ध्या भागावर जाते. काकांनी तीस-पस्तीस वर्षं कंपनीत काढलेली असतात. त्यांना पेन्शन आहे. पाच लाखांच्या मोफत उपचारांच्या योजनेतही ते बसतात. तरी गोळ्या पाचच. असं का होतं ते कळायला मागे जावं लागतं, पण फार मागे नाही.

कामगार राज्य विमा योजनेचा, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात त्याचा कायदा १९४८चा. १९५२च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४मध्ये मुंबईत आली. पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकानं जास्त घालायचे आणि कामगाराला, त्याच्या घरच्यांना दवाखाना द्यायचा, अशी ती रचना. कायदा झाला तेव्हा देशाचं सरासरी आयुर्मान चाळिशीलाही पोचलेलं नव्हतं. नोकरी संपल्यावर माणूस आणखी वीस-पंचवीस वर्षं औषधांवर जगेल, हा प्रश्न कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. आजार हा कामाच्या दिवसांतला खाडा, एवढाच हिशेब होता.

१८ जानेवारी १९८२पासूनच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. अशा माणसाला काय म्हणायचं? तो निवृत्त झाला नव्हता, कारण ते वयच आलं नव्हतं. पुष्कळांच्या हाती नोकरी सुटल्याचा धड कागदही नव्हता. हा शब्दांचा घोळ वाटतो, पण पुढच्या सगळ्या कहाणीचं मूळ त्यातच आहे. निवृत्तीनंतरचे हक्क नोकरी किती वर्षं केली यापेक्षा ती कशी संपली यावर ठरत गेले.

पेन्शनचं आधी उरकतो, कारण त्यावर बोललं खूप गेलं आहे. खासगी कंपनीतल्या कामगारांची ईपीएस-९५ ही योजना १६ नोव्हेंबर १९९५पासून लागू झाली. सूत्र साधं आहे. पेन्शनपात्र वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७०नं भागायचं. मेख ‘पेन्शनपात्र’ या शब्दात आहे. खरा पगार कितीही असो, हिशेबाला धरायची मर्यादा आधी ५,००० होती, २००१मध्ये ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४मध्ये १५,०००. म्हणजे २०१३ साली निवृत्त झालेल्याची १९९५नंतरची १८ वर्षं धरली तर ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, येतात १,६७१ रुपये. १९९५च्या आधीच्या नोकरीचे तक्त्याप्रमाणे थोडे वर. या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही. ज्या आकड्यावर सुरू झाली त्याच आकड्यावर ती राहते आणि औषधांची चिठ्ठी मात्र दरवर्षी एखाद्या ओळीनं वाढते. २०१३मध्ये संसदेच्या एका समितीनं किमान ३,००० रुपये सुचवले होते. १ सप्टेंबर २०१४पासून मिळाले १,०००. ते आजही १,०००च आहेत. बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर डिसेंबर २०१८मध्ये पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केलं. त्यांच्या मागणीत ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता यांच्या जोडीला पती-पत्नीला मोफत वैद्यकीय उपचार हेही होतं. बातम्यांमध्ये ७,५००चा आकडा ठळक येत राहिला आणि उपचारांची मागणी शेवटच्या ओळीत. माझ्या मते ती पहिल्या ओळीत हवी होती.

कारण ईएसआयमध्ये एक नियम आहे, ज्याची माहिती पुष्कळ निवृत्तांना नोकरी संपल्यावर होते. किमान पाच वर्षं विमापात्र नोकरी करून जो वयोमानानुसार निवृत्त झाला, त्यानं महिन्याला १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० आगाऊ भरले की त्याला आणि जोडीदाराला दवाखाना चालू राहतो. वर्षाला १२० रुपये आणि त्यात रोजच्या गोळ्याही आल्या. रांग असते, औषध संपलेलं असतं, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकावं लागतं, हे सगळं खरं. तरीही दाखल न होता, नुसत्या चिठ्ठीवर महिन्याची औषधं देणारी अशी दुसरी सोय खासगी कंपनीतल्या निवृत्ताला सहसा मिळत नाही. रक्तदाब, साखर, थायरॉइड, गुडघे. म्हातारपणाचा खर्च होतो तो इथे, रोज, थोडा थोडा.

अडचण अशी की हे कार्ड मिळायला निवृत्तीच्या दिवशी माणूस विम्यात असावा लागे. आणि विम्यात राहण्याला पगाराची मर्यादा. ही मर्यादा ऑक्टोबर २००६मध्ये १०,००० झाली, मे २०१०मध्ये १५,०००, जानेवारी २०१७मध्ये २१,०००. दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. त्यानंतर वर्षं गेली, आकडा हलला नाही. कामगाराचा पगार मर्यादेच्या वर गेला की चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, त्यानंतर काही महिने लाभ मिळतो आणि मग कार्ड बंद.

कायम कामगाराचा पगार सगळ्यात जास्त कधी असतो? निवृत्तीच्या आधीच्या चार-पाच वर्षांत. म्हणजे ज्यानं पंचवीस वर्षं न चुकता वर्गणी दिली, तो शेवटच्या टप्प्यावर, नेमका दुखणी सुरू होताना, बाहेर पडतो. नियम लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण कारखान्याच्या गेटवर उभ्या असलेल्या कुणालाही त्यांनी विचारलं असतं तर हे पाच मिनिटांत कळलं असतं.

आमच्या घरी हे २०११मध्ये झालं. वडील चिंचवडच्या एका कंपनीत मशीनवर होते. युनियनचा करार झाला, फरकाची रक्कम आली, आईनं शेजारी पेढे वाटले. पगार पंधरा हजारांच्या वर गेला. काही महिन्यांनी आई तिच्या साखरेच्या गोळ्या आणायला नेहमीच्या विमा दवाखान्यात गेली, तर खिडकीतल्या बाईंनी कार्ड परत सरकवलं. “तुमचं बंद झालंय.” त्याआधीच्या महिन्यांत पगारातून कापले जात होते पावणेदोन टक्के, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. वडील म्हणाले, दुप्पट कापा, पण दवाखाना राहू द्या. कंपनीच्या ऑफिसात सांगितलं, आता आपली मेडिक्लेम आहे. ती होती खरी, पण नोकरी असेपर्यंत आणि दाखल झालात तरच. २०१५मध्ये वडील ५८ वर्षांचे होऊन बाहेर पडले, त्याच महिन्यात ती संपली. ते पेढे आई अजून विसरलेली नाही.

कामगारांच्या बाजूनं कित्येक वर्षं विचारलं जात होतं की ‘निवृत्त विमाधारक’ म्हणजे नेमका कोण. निवृत्तीच्या दिवशी विम्यात असलेला, की आयुष्यात पाच वर्षांहून जास्त वर्गणी भरून निवृत्त झालेला? शब्दशः वाचलं तर पहिला. न्यायानं पाहिलं तर दुसरा. यंत्रणेचं उत्तर असं की विमा ही बचत नाही, ज्या काळाची वर्गणी त्या काळाचं संरक्षण. हे तत्त्व समजण्यासारखं आहे. पण त्याच यंत्रणेनं शेवटच्या दिवशी आत असलेल्याला १२० रुपयांत उरलेलं आयुष्य उपचार देण्याचं कबूल केलं होतं. तिथे हे तत्त्व सोडायचं आणि मर्यादा ओलांडलेल्याच्या वाट्याला तेवढं लावायचं, हे पटत नाही. पैशांची अडचण म्हणावी तर जुलै २०१९मध्ये वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली. मालकाचा वाटा पावणेपाचवरून सव्वातीनवर आला, कामगाराचा पावणेदोनवरून पाऊण टक्क्यावर. म्हणजे गंगाजळीत जागा होती. ती सवलतीकडे वळली.

फेब्रुवारी २०२४मध्ये अखेर सूट देण्याचं ठरलं. निवृत्तीआधी किमान पाच वर्षं विम्यात होते, पण पगार वाढल्यामुळे बाहेर गेले, अशांनाही निवृत्तीनंतरचा दवाखाना द्यायचा. मात्र अटी तीन. १ एप्रिल २०१२नंतर विमापात्र नोकरीत असला पाहिजे, १ एप्रिल २०१७ला किंवा त्यानंतर निवृत्त झाला पाहिजे, आणि पगार महिना ३०,०००पर्यंतच. २०१०-११च्या करारांनी बाहेर पडलेली अख्खी पिढी पहिल्या तारखेला अडली. आज अडुसष्ट-सत्तरीत असलेले पुष्कळ जण दुसऱ्या तारखेला अडले. माझे वडील दोन्ही तारखांना.

तोवर सरकारचं सगळं लक्ष दाखल रुग्णाकडे वळलं होतं. महाराष्ट्रात १९९७ची जीवनदायी योजना, २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढच्या वर्षी राज्यभर गेलेली तिची मोठी आवृत्ती, २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य हे नाव. दीड लाखाचं संरक्षण जुलै २०२४पासून पाच लाखांचं झालं आणि पांढरं रेशनकार्डही त्यात आलं. २९ ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागलं. बायपास, मोतीबिंदू, डायलिसिस यांच्यासाठी घर गहाण टाकण्याची पाळी यामुळे पुष्कळांवरून टळली. ते मी कमी लेखणार नाही. २०१३-१४मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२मध्ये ते ३९.४ टक्के झाले. पण आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी आल्यानंतरचे १५ दिवस एवढीच औषधं येतात. सोळाव्या दिवशी परत तीच पट्टी आणि तीच कात्री.

खासगी विम्याचं थोडक्यात. पूर्वी ६५नंतर नवी पॉलिसी द्यायला कंपन्या बांधील नव्हत्या. १ एप्रिल २०२४पासून वयाची ही अट गेली, आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून तीनवर आली. जानेवारी २०२५मध्ये ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायला मनाई झाली आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. ज्याची पेन्शन दोन-अडीच हजार आहे त्याला यांतलं काहीच लागू पडत नाही, कारण हप्ताच परवडत नाही.

दिव्यांगांच्या बाबतीत घोळ टक्क्यांचा. प्रेसवर अंगठा गेला तर ईएसआयच्या तक्त्यात ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४. हा टक्का कमाईची ताकद किती गेली ते मोजतो आणि त्यावर कामगाराला महिन्याची रक्कम मिळते. सरकारी योजनांसाठीचं दिव्यांगत्व वेगळ्या पद्धतीनं मोजतात आणि तिथे किमान ४० टक्के लागतात. एका खिडकीवरचा कागद दुसऱ्या खिडकीवर चालत नाही. हाताचे पंजे तेच असतात. कामावरच्या अपघातानं कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली तर ईएसआयचा दवाखाना त्याच महिना १० रुपयांत चालू राहतो, पण नियमाचे शब्द असे आहेत: अपंगत्व आलं नसतं तर ज्या दिवशी तो निवृत्त झाला असता, त्या दिवसापर्यंत. बाकीच्यांचं निवृत्तीचं कार्ड ज्या दिवशी सुरू होतं, त्याच दिवशी या नियमात त्याचं संपतं.

निराधारांसाठीचं अनुदान महिना १,५०० रुपये आहे, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून २,५००. मर्यादा मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाची, वर्षाला २१,०००, दिव्यांगांसाठी ५०,०००. २१,०००ला १२नं भागलं की १,७५० येतात. म्हणजे महिना दोन हजार पेन्शन असलेला कामगार ईपीएसच्या लेखी तळाच्या रांगेत आणि निराधारच्या तलाठी दाखल्यात मर्यादेबाहेर. ६५व्या वर्षीच्या श्रावणबाळ योजनेलाही हीच २१,०००ची अट आहे.

वडिलांना २०२७मध्ये सत्तर पूर्ण होतील. वय वंदना कार्डासाठी आधार आणि फोटो त्यांनी आत्ताच एका पाकिटात घालून ठेवलेत. त्याच पाकिटात ईएसआयचं जुनं कार्डही आहे, २०११पासून बंद. आईनं ते टाकू दिलेलं नाही.