वाऱ्याच्या जोरावर वाऱ्याकडेच

वारा पाठीमागून आला की शिडाची होडी पुढे जाते, यात नवल काही नाही. वाळलेले पानही वाऱ्याबरोबर तसेच जाते. खरे नवल हे की वारा समोरून येत असला, तरी त्याच वाऱ्याच्या जोरावर होडी त्याच्याच दिशेने सरकू शकते. अगदी नाकासमोर नाही, पण साधारण 45 अंश तिरकी जाते. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी चाल करत वारा जिथून येतोय तिथे पोहोचते.

अशा वेळी शीड हे वारा अडवणारी भिंत नसते, ते विमानाच्या पंखासारखे काम करते. वारा त्याच्या बाकाला धरून वाहतो आणि वळतो. शीड हवेला एका बाजूला वळवते, तेव्हा हवा शिडाला उलट बाजूला रेटते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. फुगीर बाजूच्या हवेला लांबचा रस्ता असतो म्हणून ती जोरात पळते, असे अनेकदा सांगितले जाते. ते चूक आहे. शीड म्हणजे पातळ कापड, त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी जवळजवळ सारखीच!

शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे मागे सरळ वाहत असतील, तर हवा शिडाला धरून आहे. फुगीर बाजूचा धागा फडफडू लागला, तर तिथला प्रवाह सुटला. शीड जास्त ओढले गेले आहे, दोर थोडा सैल सोडायचा. न दिसणारी हवा अशी डोळ्यांनी वाचता येते, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण शिडाचा हा रेटा बराचसा आडवा असतो. नुसत्या शिडावर होडी बाजूलाच वाहवत जाईल. तिला सावरते ते तळाखालचे उभे पाते, म्हणजे कील. पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट, त्यामुळे लहानसे कीलही आडवा रेटा तोलून धरते आणि पुढचा तेवढा उरतो. ओला साबण दोन बोटांत दाबला की पुढे सटकतो, तशीच होडी हवा आणि पाण्याच्या चिमटीतून सटकते.

होडी वाऱ्याहून वेगाने जाऊ शकते, तेही यामुळेच. वारा 10 नॉटने (नॉट हे समुद्रावरचे वेगाचे माप, ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) आडवा वाहतोय आणि होडी 6 नॉटने चाललीय, तर शिडाला लागणारा वारा जवळपास 11.7 नॉटचा असतो. तो होडीच्या वेगाने वाढतो आणि समोरच्या बाजूला सरकतो. सरळ पाठीमागच्या वाऱ्यात उलटे होते: वेग वाढेल तसा शिडाला लागणारा वारा मरत जातो. साध्या होडीला पाण्याचा आणि लाटांचा अडथळा फार पुढे जाऊ देत नाही. मात्र 2012 मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर पॉल लार्सन यांनी ‘सेलरॉकेट 2’ ही नौका 500 मीटर अंतरात सरासरी 65.45 नॉटने नेली. म्हणजे ताशी 121 किलोमीटर, वाऱ्याच्या दुपटीहून जास्त.

आता एक कोडे. वारा पूर्ण पडला आहे, नदी मात्र वाहते आहे. प्रवाहाबरोबर एक ओंडका चालला आहे आणि शेजारी शिडाची होडी. कोण पुढे जाईल? होडीत बसलेल्याला समोरून वारा लागतो, कारण हवा स्थिर असली तरी तो पाण्याबरोबर पुढे चालला आहे. शिडाला एवढे पुरते. होडीला हवे असते ते हवा आणि पाणी यांच्या वेगातले अंतर. नागमोडी वळणे घेत ती त्या वाऱ्यावर चढते आणि ओंडका मागे पडतो.