पेनहोल्ड बॅट मुठीत नसते, खांद्यात असते

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षांच्या फेलिक्स लेब्रुनने टेबल टेनिसच्या एकेरीत ब्राँझ मिळवलं, आणि बॅट पेनसारखी, म्हणजे पेनहोल्ड पकडीने धरणारा हा गोरा मुलगा पाहून एक जुना समज पुन्हा चर्चेत आला. ही पकड जमायला म्हणे चिनी-जपानी बोटं लागतात, लहानपणापासून काड्यांनी जेवलेली! लेब्रुन फ्रान्समधल्या मोंपेलिएचा. उलट चीनचे झांग जिके, मा लाँग आणि फान झेंदोंग हे तीन ऑलिंपिक विजेते काड्यांनी जेवूनही हस्तांदोलन केल्यासारखी, म्हणजे शेकहँड पकड धरतात. तेव्हा काड्या बाजूला ठेवू आणि बॅटकडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

शेकहँड बॅटचा दांडा साधारण दहा सेंटिमीटर लांब असतो. तळहात आणि तीन बोटं त्याला विळखा घालतात आणि तर्जनी पात्याला टेकते. पेनहोल्डचा दांडा दोनेक सेंटिमीटरने आखूड. तो अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात नुसता विसावतो. बॅट धरण्याचं काम चालतं त्याच्या खाली, जिथे पातं रुंदावायला लागतं तिथे. या उताराला आपण बॅटचे खांदे म्हणू. पुढून एका खांद्यावर अंगठा, दुसऱ्यावर तर्जनी, आणि मागून मधल्या बोटाचा टेकू. तीन बिंदूंनी एक प्रतल ठरतं हे शाळेत शिकलो होतो. इथे ते प्रतल म्हणजे बॅट. दुकानात आपण दांडा चाचपून बघतो, पण खेळताना बोटांखाली येतात ते खांदे.

आता थोडं गणित. दोन्ही बाजूंना रबर लावलेली बॅट १७० ग्रॅमची धरू. जोरदार फोरहँडमध्ये ती सेकंदाला १० मीटर वेगाने, खेळाडूच्या खांद्यापासून ७० सेंटिमीटरवरच्या वर्तुळात फिरते आहे असं मानू. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की केंद्राकडचं त्वरण येतं सुमारे १४३, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेचौदा पट. त्या क्षणी १७० ग्रॅमची बॅट बोटांना अडीच किलोंची वाटते आणि हातातून बाहेर निसटू बघते.

शेकहँडमध्ये तिला अडवायला अख्खी मूठ असते, शिवाय दांडा बहुधा टोकाला रुंदावलेला असतो. पेनहोल्डमध्ये बरीचशी भिस्त घर्षणावर. घर्षण हवं तर दाबावं लागतं. घर्षणांक ०.५ धरला आणि पुढच्या-मागच्या दोन पृष्ठभागांत काम वाटून दिलं, तर बोटांना साधारण अडीच किलो वजनाइतकाच दाब द्यावा लागतो. घामाचा थर साचला की घर्षण घटतं आणि तेवढंच काम करायला अजून आवळावं लागतं. आवळलेलं मनगट मोकळं फिरत नाही. पेनहोल्डची सगळी मजाच मनगटात, तेव्हा हे दुखणं साधं नव्हे.

शिवाय हा दाब पडतो कुठे? बॅटच्या खांद्याच्या कडेवर. नव्या पेनहोल्ड बॅटची कड बहुधा काटकोनात कापलेली असते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. भाजीच्या भरलेल्या पिशवीचा पातळ बंद बोटात रुततो आणि रुंद पट्टा रुतत नाही, तोच हिशोब. दोन मिलिमीटरची धार घासून सहा मिलिमीटरची गोलाई केली, तर त्याच बलाचा दाब एक तृतीयांशावर येतो. म्हणून जाणती पेनहोल्डवाली मंडळी नवी बॅट आणली की आधी सँडपेपर काढतात.

घासण्याचा दुसरा फायदा मला पहिल्याहून आवडतो. खांदा थोडा खोल घासला की बोटं पात्यावर पुढे सरकतात. बॅटचा गुरुत्वमध्य बोटांपासून सात सेंटिमीटरवर असेल आणि तो सहावर आला, तर बॅट खाली झुकवणारा आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले अंतर, सातव्या भागाने घटतो. एक ग्रॅमही कमी न करता बॅट हलकी वाटू लागते. दांड्यात वजन भरूनही तोल हाताकडे सरकतो, पण मग अख्खी बॅट जड होते आणि ते ओझं प्रत्येक फटक्याला खेळाडूचा खांदा वाहतो.

बॅट बोटांत कशी रोखून धरायची, या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आली. कोरियाच्या र्‍यू संग-मिनकडे जपानी पद्धतीची बॅट, रबर एकाच बाजूला. तिच्या दांड्यावर पुढून बुचाचा उंचवटा असतो आणि तर्जनी त्याला आकड्यासारखी अडकते. म्हणजे घर्षणावर विसंबायचंच नाही, सरळ अडकवायचं! बूच वजनाला हलकं आणि ओल्या बोटालाही धरून ठेवणारं. मागची तीन बोटं पात्यावर लांब पसरलेली, त्यामुळे फोरहँडला भक्कम टेकू. पण तीच बोटं मागचा पृष्ठभाग अडवतात, म्हणून बॅकहँडच्या कोपऱ्यातला चेंडूसुद्धा पळत जाऊन फोरहँडने मारायचा.

समोर चीनचा वांग हाओ. मागची बोटं दुमडलेली, मागेही रबर, आणि बॅकहँडचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देणारा फटका, त्या मागच्या रबराने. त्यासाठी अंगठा दाबायचा, तर्जनी सैल सोडायची. मधल्या बोटाच्या टेकूवर पातं कलतं. दुसरं रबर चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वाढवतं, तेही बोटांपासून दूर, आणि बोटं दुमडल्याने टेकूही आखूड. अशा बॅटला तर्जनीचा आकडा अडचणीचाच, कारण फटक्यागणिक तर्जनीला सैल व्हायचं असतं. म्हणून चिनी दांडा साधा आणि खांदे घासलेले. ते सुवर्ण र्‍यूने जिंकलं, पण पुढची पिढी वांग हाओच्या वाटेने गेली. लेब्रुनही दोन्ही बाजूंनी खेळतो.

पोकळ दांडा, कंपनं शोषणारा दांडा, ‘चेंडूचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचवणारा’ दांडा अशा जाहिराती वाचल्या की मला हसू येतं. चेंडू रबरावर जेमतेम एक सहस्रांश सेकंद असतो. मेंदूने जाणून बोटांना हुकूम द्यायचा तर त्याच्या शंभर पटीहून जास्त वेळ लागतो. बॅटच्या मध्यापासून तीन सेंटिमीटर बाजूला चेंडू आदळला, तरी माझ्या हिशोबाने तो सुटेपर्यंत बॅट अंशभरही वळलेली नसते. कंपनं हाताला जाणवतात हे खरं, आणि पुढच्या फटक्याला ती उपयोगी पडत असतील. या फटक्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. चेंडू येण्याआधी पातं हव्या त्या कोनात, हव्या त्या वेगाने तिथे पोचवणं एवढीच दांड्याची आणि खांद्यांची कामगिरी. साहित्याने खेळ खरोखर उलटापालटा केल्याचं उदाहरण हवं तर ते आपल्या मुंबईतलंच आहे. १९५२ च्या जागतिक स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातोने स्पंज लावलेल्या बॅटने एकेरीचं विजेतेपद नेलं. पण स्पंज चेंडूला भिडतो, दांडा नाही.

नियमही या घासाघाशीच्या आड येत नाहीत. पात्याचं माप, आकार, वजन काहीही चालतं. ते सपाट आणि ताठ हवं, आणि जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. दांड्याजवळचा, बोटांखाली येणारा भाग रबराविना उघडा ठेवायलाही मुभा आहे.

तेव्हा नवी बॅट आणलीत तर रबर चिकटवण्याआधी घासा, नंतर भुसा रबराला चिकटतो. तर्जनीची बाजू आधी, अंगठ्याची मागाहून. पाच-दहा हात मारायचे, धरून बघायचं, पुन्हा मारायचे. पातं पाच थरांचं आणि जेमतेम सहा मिलिमीटर जाडीचं असेल तर हात आवरता घ्या. घासलेलं लाकूड परत येत नाही.