खोती पद्धत (कोकण)

खोती म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरायची कोकणातली जुनी पद्धत, आणि जो गोळा करायचा तो खोत. व्याख्या एवढीच, पण गावातल्या कुळासाठी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यासाठी, खोत म्हणजेच सरकार, त्याच्या वरचं कोणी त्याला आयुष्यात दिसायचंच नाही. आताचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग (1981 पर्यंत हा एकच जिल्हा होता) आणि जुन्या कुलाब्याचा, म्हणजे आताच्या रायगडचा, बराच भाग या पद्धतीखाली होता. देशावर इंग्रजांनी रयतवारी लावली, तिथे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. कोकणात मात्र मधला माणूस तसाच राहिला आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

सुरुवात आदिलशाहीच्या काळातली मानतात. डोंगर, खाड्या, पावसाळ्यात चार महिने वाटा बंद, अशा मुलखात प्रत्येक गावात कारकून बसवणं परवडणारं नव्हतं, मग ठरलेली रक्कम भरायची हमी घेईल त्याला गाव लावून द्यायचं, ओस पडलेलं गाव पुन्हा वसवायचं कामही त्याच्याकडेच. हळूहळू हे वंशपरंपरेने चालू झालं आणि वसुली करणारा मालकासारखा वागायला लागला. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते, त्यामुळे हा एकाच जातीचा प्रश्न म्हणून सांगतात ते अर्धवट आहे. कुळं मात्र बहुतेक कुणबी, आगरी, महार अशीच.

गावांचे प्रकारही होते. सगळं गाव खोताचं असेल तर खोती गाव, शेतकरी आपला धारा, म्हणजे सारा, स्वतः भरत असतील तर धारेकरी गाव, आणि दोन्ही मिसळलेले असतील तर त्याला खिचडी गाव म्हणत, सरकारी कागदांतसुद्धा हाच शब्द आहे. भाताचा अर्धा हिस्सा द्यायचा तो अर्धेल, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा तो तिर्धेल. सरकारला भरलेला सारा वजा जाता जे उरे तो खोतफायदा. वर वेठ वेगळी, म्हणजे खोताच्या शेतात फुकट राबायचं, लाकडं आणून द्यायची. 1880 साली इंग्रजांनी खोती कायदा केला, कुळांचे थोडे हक्क नोंदले गेले, पण खोत जागेवरच राहिला. लोकमान्य टिळकांच्या घराण्याकडेही खोती होती आणि खोतांच्या हक्कांना कात्री लावणाऱ्या सरकारी सुधारणांना त्यांचा विरोध होता, हेही नोंदीत असायलाच हवं.

आता चरीचा संप. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात 27 ऑक्टोबर 1933 ला सभा झाली आणि आजूबाजूच्या साधारण 25 गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. पुढारी नारायण नागू पाटील. संप चालला 1939 पर्यंत, सहा वर्षं! भाताची खाचरं समोर पडीक दिसतायत आणि आपण लाकडं तोडून विकायची, खाडीत मासे पकडायचे, मिळेल ती मजुरी करायची, पण नांगर घालायचा नाही. घरात खायला नसताना सहा पावसाळे असे काढणं काय असतं ते शेतीवर जगलेल्यालाच कळेल, आणि तरी शाळेच्या इतिहासात चरीला एखादी ओळ मिळाली तर मिळाली. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला उघड पाठिंबा दिला. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करायचं बिल मांडलं, त्यात खोताला नुकसानभरपाई आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क असं होतं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातलंच, खोती म्हणजे काय ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बिल पास झालं नाही. पण महसूलमंत्री मोरारजी देसाईंना चरीच्या प्रश्नात लक्ष घालावं लागलं आणि 1939 च्या कूळकायद्यात संरक्षित कूळ, म्हणजे जमिनीवरून सहज काढता येणार नाही असं कूळ, ही गोष्ट आली.

खोती प्रत्यक्ष गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. त्याच्या जोडीला 1948 चा कूळकायदा होता, त्याच्याखाली 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, फक्त खरेदीची किंमत ठरवून भरायची होती.

ती किंमत ठरवायची केस म्हणजे त्या कायद्याचं कलम 32 ग, पैसे भरल्यावर मिळतं ते कलम 32 म चं सर्टिफिकेट. कोकणात हे आकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतात, कारण कित्येक घरांत ती केस कधी चाललीच नाही किंवा सर्टिफिकेट हरवलं. मग सातबारावर मालक म्हणून जुन्या खोताच्या वारसांची नावं आणि कूळ म्हणून आजोबांचं नाव, दोन्ही घरांतले निम्मे लोक मुंबईत. मुंबई-गोवा हायवेसाठी जमिनी गेल्या तेव्हा अशा सामाईक सातबारांवरचे मोबदले अडकले, कारण सह्या कोणाकोणाच्या घ्यायच्या तेच ठरेना. अशी जमीन विकायला सरकारी परवानगी हवी ही त्याच कायद्याच्या 43 कलमाची अट 2014 च्या दुरुस्तीने सैल झाली, म्हणजे जमीन कुळाच्या नावावर होऊन दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीवर ठरलेल्या साऱ्याच्या, 40 पट रक्कम सरकारला नजराणा म्हणून भरून ती विकता येते. पण त्यासाठी आधी 32 म हातात लागतं. घरच्या पेटीत ते किंवा जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) असेल तर लॅमिनेशन नका करू, झेरॉक्स काढून मूळ कागद तसाच कोरडा ठेवा.